वायर कापली तर करंट सांडत का नाही?

परवा भाचीने माझ्या लेखाच्या प्रिंटवर पेन्सिलीने एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं आणि त्याच्यापुढे लिहिलं, "मग सांडत का नाही?"

आठवीत आहे ती. मी विजेवर एक लेख लिहीत होते, शाळा सुटून बरीच वर्षं झालेल्या मोठ्या माणसांसाठी, आणि असं काही लिहिलं की पहिल्यांदा तिला वाचायला द्यायचं ही माझी सवय, कारण मोठी माणसं कळलं नाही तरी मान डोलावतात, ती डोलावत नाही. लेखात मी सगळे घेतात तेच पाण्याचं उदाहरण घेतलं होतं. वायर म्हणजे पाइप, करंट म्हणजे त्यातून वाहणारं पाणी, व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब, रेझिस्टन्स म्हणजे पाइप अरुंद असणं. मला स्वतःला तो परिच्छेद आवडला होता. पण पाइप कापला की पाणी भळाभळा बाहेर येतं, आणि वायर कापली की करंट बाहेर येत नाही, उलट जागच्या जागी थांबतो. "मावशी, तूच म्हणालीस ना पाण्यासारखं आहे? मग सांडत का नाही?"

मी तिला उत्तर दिलं, ते पुढे सांगतेच. पण त्या प्रश्नचिन्हाने मला दोन दिवस सोडलं नाही. कारण तिचं काहीही चुकलं नव्हतं. मी तिच्या हातात एक चित्र दिलं होतं आणि तिने ते प्रामाणिकपणे वापरलं, पुढे नेलं, त्यातून निघणारा निष्कर्ष काढला. ॲनालॉजी, म्हणजे असं साम्य, द्यायची ती यासाठीच ना? वाचणाऱ्याने ती घेऊन स्वतःच्या डोक्याने चार पावलं पुढे चालावं म्हणून. मग चौथ्या पावलाला खड्डा आहे हे मला माहीत होतं तर ते सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नव्हतं.

म्हणून ही पोस्ट. समजावून सांगणाऱ्या लिखाणात, म्हणजे माहितीपर लेख, पाठ्यपुस्तक, मॅन्युअल, रिपोर्ट, असल्या लिखाणात ॲनालॉजी कशी काम करते आणि कुठे दगा देते यावर मी बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवते. मराठीत आपण ॲनालॉजीला सरसकट "उदाहरण" म्हणतो आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. "धातूंमधून वीज जाते, उदाहरणार्थ तांबं", हे खरं उदाहरण, तांबं हा धातूच आहे. "वीज पाण्यासारखी वाहते" हे उदाहरण नाही, कारण वीज हा पाण्याचा प्रकार नाही. इथे दोन वेगळ्या जगातल्या गोष्टी शेजारी ठेवल्यात आणि एकीची रचना दुसरीवर बसवून बघा असं सांगितलंय. उदाहरण चुकलं तर वाचणाऱ्याला एक गोष्ट चुकीची कळते, ॲनालॉजी चुकली तर अख्खा साचाच चुकीचा मिळतो आणि मग त्यात तो पुढची माहिती ओतत राहतो.

शाळेत आपण उपमा अलंकार शिकलो. उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द, हे चार कप्पे पाठ असायचे. मुख चंद्रासारखं सुंदर. यात मुख उपमेय, चंद्र उपमान, सौंदर्य हा साधारण धर्म. हे कप्पे अजूनही उपयोगी आहेत असं मला मनापासून वाटतं, फक्त कवितेतली उपमा आणि लेखातली ॲनालॉजी यांची कामं वेगळी आहेत. चेहऱ्याला चंद्र म्हटल्यावर कोणी विचारत नाही की मग अमावास्येला काय होतं, आणि विचारलं तर तो रसभंग. पण लेखात तोच प्रश्न रास्त असतो. तिथे वाचणारा सौंदर्य बघायला आलेला नसतो, त्याला त्या साम्यावर पाय ठेवून पलीकडे जायचं असतं.

आपल्याकडे न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या दर्शनात, ज्ञान मिळवायची चार साधनं मानली आहेत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे उपमान हे नुसतं भाषेचं लेणं नाही तर स्वतंत्र प्रमाण. त्यांचा नेहमीचा दाखला गवयाचा. गवय म्हणजे एक रानटी जनावर, एका माणसाने ते कधी पाहिलेलं नाही, त्याला कोणीतरी सांगतं की गवय गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखं पण गाय नसलेलं जनावर समोर दिसतं आणि त्याला कळतं, हाच तो गवय. मला यातला सगळ्यात आवडणारा भाग मात्र त्यावर घेतलेला आक्षेप आहे. आक्षेप घेणारा म्हणतो, साम्य म्हणजे किती साम्य? पूर्ण असेल तर "गाय गाईसारखी" म्हटल्यासारखं झालं, त्यातून काय कळणार. बरंचसं असेल तर बैल रेड्यासारखा म्हणायची वेळ येईल. आणि थोडंसं पुरत असेल तर जगातली कुठलीही वस्तू कशासारखीही म्हणता येईल. बिनतोड प्रश्न आहे. त्याला उत्तर असं दिलंय की साम्य किती टक्के हे मोजायचंच नसतं, जे साधर्म्य आधीपासून नीट माहीत आहे आणि ज्याच्या बळावर हवी ती गोष्ट सिद्ध होते तेवढंच धरायचं. आज मी एखाद्या लेखातली ॲनालॉजी तपासते तेव्हा हेच विचारते. किती जुळतंय हे नाही, जे जुळतंय त्याने माझं काम होतंय का.

१९८३ मध्ये डेड्रे जेंटनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच वेगळ्या भाषेत मांडलं. त्यांचं म्हणणं, चांगल्या ॲनालॉजीत वस्तूंचे गुण पलीकडे जात नाहीत, वस्तूंमधले संबंध जातात. अणू सूर्यमालेसारखा, असं म्हटलं की सूर्याचा पिवळा रंग किंवा त्याची उष्णता अणूकेंद्राला चिकटवायची नसते. पलीकडे काय न्यायचं, तर मध्ये एक जड गोष्ट आहे, ती भोवतालच्या हलक्या गोष्टींना ओढते आणि त्या ओढीमुळे त्या भोवती फिरतात. "मुळे" हा शब्द महत्त्वाचा. ज्या ॲनालॉजीत एकही "मुळे" पलीकडे जात नाही ती बहुतेक वेळा शोभेची असते. कंपनी म्हणजे एक झाड आहे, मूल्यं म्हणजे मुळं, कर्मचारी म्हणजे पानं, हे वाक्य तुम्हीही कुठल्या ना कुठल्या रिपोर्टमध्ये वाचलं असेल, आणि त्यातून कंपनीबद्दल आधी माहीत नसलेली एक तरी गोष्ट कळली का ते आठवून बघा. याला आपल्याकडे बादरायण संबंध म्हणतात, तुमच्या दारी बोर आणि आमच्या घरी बोरीच्या लाकडाच्या चाकाची गाडी, झालं नातं.

जेंटनर यांचाच त्याच वर्षीचा विजेवरचा एक प्रयोग आहे आणि तो तर मला माझ्याच लेखासाठी केल्यासारखा वाटतो. त्यांनी पाहिलं की लोक मनात वीज दोन प्रकारे कल्पितात. काहींच्या डोक्यात पाणी असतं, काहींच्या डोक्यात गर्दी, म्हणजे माणसांचा लोंढा आणि मध्ये अरुंद दरवाजे. मग दोघांना सर्किटची गणितं घातली. पाणीवाल्यांना बॅटऱ्यांची गणितं जास्त चांगली जमली, कारण दोन टाक्या एकावर एक ठेवल्या तर दाब वाढतो आणि शेजारी ठेवल्या तर दाब तेवढाच राहतो, हे पाण्याच्या चित्रात दिसतं. गर्दीवाल्यांना रेझिस्टरची, म्हणजे करंटला अडवणाऱ्या भागांची, गणितं जास्त जमली, कारण दोन दरवाजे शेजारी शेजारी असले तर माणसं जास्त भराभर बाहेर पडतात हे डोळ्यांपुढे येतं, पण गर्दीच्या चित्रात बॅटरीच्या जागी काय ठेवायचं ते नीट सुचतच नाही. म्हणजे ॲनालॉजी ही समजलेल्या गोष्टीवर चढवलेलं वरचं रंगकाम नसतं, माणूस तिच्यातूनच विचार करतो, आणि कुठली दिलीय त्यावर त्याला कुठलं गणित सुटणार ते ठरतं. हे कळल्यापासून मी ॲनालॉजी निवडताना आधी कागदावर लिहून काढते की वाचणाऱ्याने हे वाचून झाल्यावर नेमका कुठला प्रश्न सोडवायचा आहे.

आता दुसरी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. आपण नुसती ॲनालॉजी शेजारी ठेवली म्हणजे वाचणारा ती लावून बघेलच असं नाही. १९८० मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी लोकांना एक कोडं घातलं. पोटात गाठ आहे, ऑपरेशन करता येत नाही, किरणांनी ती मारता येते, पण तेवढे तीव्र किरण सोडले तर वाटेतला निरोगी भागही जळतो, मग काय करायचं? आणि त्याआधी काही लोकांना एक गोष्ट वाचायला दिली होती, एका सेनापतीची, त्याला किल्ला घ्यायचाय, रस्त्यांत सुरुंग आहेत, मोठी फौज एका रस्त्याने गेली तर उडेल, म्हणून तो छोट्या छोट्या तुकड्या करून चहूबाजूंच्या रस्त्यांनी एकाच वेळी किल्ल्यावर पोचवतो. उत्तर त्या गोष्टीतच होतं, कमी तीव्रतेचे किरण अनेक बाजूंनी सोडायचे, गाठीवर सगळे एकत्र येतील. तरी बऱ्याच लोकांना ते सुचलं नाही! मघाची गोष्ट वापरून बघा एवढं सांगितल्यावर मात्र बहुतेकांची ट्यूब पेटली.

लिहिणाऱ्याने यातून घ्यायचं ते इतकंच की कशाच्या जागी काय आहे ते स्पष्ट शब्दांत लिहा. किल्ल्याच्या जागी गाठ, फौजेच्या जागी किरण, रस्त्यांच्या जागी शरीरातल्या वाटा, सुरुंगाच्या जागी निरोगी भाग जळायची भीती. आपल्याला वाटतं हे सांगणं म्हणजे वाचणाऱ्याला कमी लेखणं, पण तसं अजिबात नाही, लिहिणाऱ्याला तो संबंध आधीच दिसलेला असतो म्हणून तो उघड वाटतो. मी पूर्वी "जणू काही", "एक प्रकारे" असले शब्द टाकून मोकळी व्हायचे. आता त्या जागी सरळ वाक्य लिहिते, उदाहरणार्थ कॉम्प्युटरवरच्या लेखात, इथे टेबल म्हणजे रॅम (चालू कामापुरती मेमरी) आणि कपाट म्हणजे हार्ड डिस्क (कायमचा साठा), आणि त्याच परिच्छेदात हेही की खऱ्या टेबलावरचे कागद लाइट गेली तरी जागेवर राहतात पण रॅममधलं सगळं पुसलं जातं, म्हणून सेव्ह करायचं. कुठे जुळतं आणि कुठे जुळत नाही हे दोन्ही एका दमात. गंमत म्हणजे न जुळणारी बाजूच इथे जास्त कामाची निघते, कारण लोकांना नेमकं तेच माहीत हवं असतं.

आता वळते विजेकडे.

भाचीला मी त्या दिवशी सांगितलं ते असं. पाण्याला पाइपचं काही पडलेलं नसतं, पाइप त्याला फक्त अडवतो, अडवणारी भिंत गेली की पाणी निघालं. तारेतले इलेक्ट्रॉन तसे नसतात. ज्या तांब्याच्या अणूंमधून ते फिरतात ते अणू इलेक्ट्रॉन सुटल्यामुळे धन भाराचे झालेले असतात आणि इलेक्ट्रॉनना सतत आपल्याकडे ओढत असतात. समजा थोडे इलेक्ट्रॉन टोकातून बाहेर पडायला बघतायत, तर मागे राहिलेली तार आणखी धन होते आणि त्यांना परत खेचते. शिवाय बाहेर हवा आहे, आणि हवेतून वीज सहजासहजी जात नाही. दाब फारच वाढला, साध्या कोरड्या हवेत सेंटिमीटरमागे साधारण ३० हजार व्होल्ट, तर मात्र हवाच वाट देते आणि वीज खरंच "सांडते", तीच ठिणगी, आणि आकाशात तेच मोठ्या प्रमाणावर झालं की ती वीज आपण चमकताना बघतो. हे ऐकून ती म्हणाली, "मग हे लिही ना!" बरोबर होतं तिचं.

पण नुसती तळटीप जोडून भागणार नव्हतं, कारण पाण्याचं चित्र आणखी दोन ठिकाणी गडबड करत होतं. एक म्हणजे नळाचं पाणी वापरलं की संपतं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की दिवा करंट "खातो" आणि परतीच्या तारेतून कमी करंट येतो. हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही सर्रास असतो. दुसरं, नळ उघडला की पाणी येतं, आणि सर्किट ओपन झालं म्हटलं की करंट बंद, म्हणजे शब्दसुद्धा उलटे. शिवाय आकड्यांत शिरायचं म्हटलं तर पाइपचा व्यास दुप्पट केला आणि पाणी संथ वाहत असेल तर अडथळा सोळाव्या हिश्श्यावर येतो, तारेचा व्यास दुप्पट केला तर रेझिस्टन्स चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे जाडी वाढवली की अडथळा कमी होतो हे जुळतं पण किती ते जुळत नाही. हे शेवटचं मी लेखात घेतलं नाही, त्या वाचकाला त्याची गरज नव्हती. तुटण्याच्या सगळ्या जागा सांगायच्या नसतात, ज्या जागी तुमचा वाचक जाणार आहे तेवढ्याच सांगायच्या.

मग मी सायकलची चेन घेतली. पेडल म्हणजे बॅटरी, मागचं चाक म्हणजे दिवा, चेन म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन. चेन पेडलकडून चाकाकडे जाते आणि तीच चेन, एकही कडी कमी न होता, परत येते. चेन खर्च होत नाही, तिच्यामार्फत पायातली ताकद चाकापर्यंत पोचते. चेन कुठेही तुटली तरी काही सांडत नाही, सगळं एकदम थांबतं. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर या चित्रात आपोआपच आहे, वेगळं द्यावं लागत नाही! आणि एक जास्तीचा फायदा मिळाला जो मी मागितलाही नव्हता. बटण दाबलं की दिवा तत्क्षणी लागतो, पण तारेतले इलेक्ट्रॉन बॅटरीकडून दिव्याकडे सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा पुढे सरकत नाहीत, इतकी त्यांची पुढे जायची गती कमी असते. ऐकायला अशक्य वाटतं. पण चेनमध्ये ते सहज दिसतं, पेडल हळूच दाबलं तरी मागचं चाक लगेच हलायला लागतं, पुढची कडी मागे पोचायची वाट बघावी लागत नाही. घरात येते ती एसी वीज, त्यात तर इलेक्ट्रॉन पुढे जातच नाहीत, जागच्या जागी पुढेमागे होतात, पन्नास हर्ट्झ असेल तर सेकंदाला ५० वेळा. त्यासाठी चेन सोडून करवत घ्यायची. करवत पुढेमागेच होते, कुठे जात नाही, तरी लाकूड कापलं जातं.

तीन चित्रं झाली, पाणी, चेन, करवत. एका लेखात तीन ॲनालॉजी म्हणजे जरा जास्तच असं पूर्वी मला वाटायचं. आता वाटत नाही. एकाच वाक्यात दोन मिसळल्या तर घोटाळा होतो हे खरं, पाइपातून चेन वाहायला लागते. पण एक संपली, ती कुठे तुटली ते सांगितलं, आणि त्या तुटलेल्या जागेवरून दुसरी सुरू केली तर वाचणाऱ्याला उलट मूळ गोष्ट जास्त नीट दिसते, कारण तिन्ही चित्रांत जे समान उरतं तेच विजेचं, बाकीचं पाण्याचं नाहीतर सायकलचं.

तुटण्याच्या जागेबद्दल माझ्या मनात जो आदर आहे त्याचं कारण सादी कार्नो. या फ्रेंच इंजिनिअरने १८२४ मध्ये वाफेच्या इंजिनाचा विचार धबधब्यासारखा केला. पाणी उंचावरून खाली पडताना चाक फिरवतं, तशी उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे "पडताना" इंजिन फिरवते. पाण्यात जशी उंचीतली तफावत महत्त्वाची तशी इथे तापमानातली तफावत. या एका साम्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष, की इंजिनाच्या क्षमतेला एक कमाल मर्यादा असते आणि ती त्या दोन तापमानांवर ठरते, आजही खरा आहे. पण धबधब्यात वरून जेवढं पाणी पडतं तेवढंच खाली पोचतं, आणि त्यानेही तेच धरलं की वरून निघालेली सगळी उष्णता खाली पोचते. ते मात्र चूक होतं. काही उष्णतेचं कामात रूपांतर होतं, खाली कमी पोचते. १८५० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियसने हा सांधा नीट केला आणि उष्णतेचं आजचं शास्त्र त्यावर उभं राहिलं. म्हणजे ॲनालॉजीने दिलं तेही मोलाचं आणि ती जिथे तुटली तिथे सापडलं तेही तितकंच मोलाचं. सूर्यमालेच्या अणूचंही तसंच, रदरफर्डने १९११ मध्ये अणूकेंद्र दाखवलं, मग फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रात पडायला हवा तो पडत का नाही, या प्रश्नातून शास्त्रज्ञ नील्स बोरचं अणूचं १९१३ चं मॉडेल आलं. ग्रह पडत नाही, इलेक्ट्रॉन पडायला हवा होता, साम्य तिथे तुटलं आणि काम तिथे सुरू झालं.

आणखी एक धोका आहे आणि तो शब्दांत लपलेला असतो. डार्विनने १८५९ च्या आपल्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण माणसाने पाळलेल्या प्राण्यांवर आणि लावलेल्या वनस्पतींवर लिहिलं, त्यात कबुतरांबद्दल किती बारकाईने लिहिलंय. समजावून सांगण्याची ही फार सुंदर चाल आहे असं मी मानते, वाचणाऱ्याला जे रोज दिसतं तिथून सुरुवात, कबुतरं पाळणारा हवी ती जोडी निवडतो आणि पिढ्यानपिढ्या जात बदलत जाते, मग निसर्गातही अशीच निवड होते. पण "निवड" म्हटलं की निवडणारा आला. लोक विचारायला लागले, निसर्ग काय विचार करून निवडतो? १८६६ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने डार्विनला पत्र लिहून हीच अडचण सांगितली आणि तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा "सर्वांत योग्य ते टिकतं" या अर्थाचा शब्दप्रयोग सुचवला, डार्विनने तो १८६९ च्या आवृत्तीत घेतलाही, आणि त्या शब्दप्रयोगाने पुढे स्वतःचे वेगळे गैरसमज तयार केले. उपमान येताना आपला गोतावळा बरोबर घेऊन येतं, एकट्याला बोलावता येत नाही.

आजचं असंच एक म्हणजे इम्युनिटी म्हणजे शरीराचं सैन्य. लहान मुलांना सांगायला ठीक आहे, पण सैन्य म्हटलं की जितकं मोठं आणि आक्रमक तितकं चांगलं असं आपोआप वाटतं, आणि मग "इम्युनिटी वाढवा" हे वाक्य तपासायची गरजच वाटत नाही. खरं तर ॲलर्जी म्हणजे निरुपद्रवी गोष्टीवर झालेला अतिरेकी हल्ला, आणि ऑटोइम्यून आजारांत हीच यंत्रणा स्वतःच्या पेशींवर उठते. ताकदीपेक्षा ओळख पटवणं हे तिचं मोठं काम आहे. तेव्हा सैन्य लिहायचंच असेल तर ओळखपत्र तपासणारा पहारा लिहा, त्याने चूक कुठे होते ते तरी दिसतं.

आणि ॲनालॉजीने समजावता येतं, सिद्ध करता येत नाही, ही रेघ लिहिणाऱ्याने स्वतः पाळायची असते, वाचणाऱ्याला ती दिसतेच असं नाही. "देशाचं बजेट म्हणजे घरखर्च" हे घ्या. जमा आणि खर्च या कल्पना समजवायला चालेल. पण त्यावरून "म्हणून सरकारने कधीच कर्ज काढू नये" असं म्हटलं की आपण साम्याच्या खांद्यावर न पेलणारं ओझं ठेवलं. घर स्वतःचं चलन छापत नाही, आणि घराने खर्च कमी केला म्हणून घराचं उत्पन्न कमी होत नाही, देशात एकाचा खर्च दुसऱ्याचं उत्पन्न असतो. कर्ज काढावं की नाही हा वेगळा वाद, तो आकड्यांनी आणि कारणांनी घालावा.

आकड्यांवरून आठवलं, मोठी संख्या समजवायची असेल तर मी आताशा सेकंद वापरते. एक लाख सेकंद म्हणजे जवळपास २८ तास. एक कोटी सेकंद म्हणजे ११६ दिवसांच्या आसपास. एक अब्ज सेकंद म्हणजे ३१ वर्षं आणि वर आठ महिने. लाख, कोटी, अब्ज हे शब्द उच्चारायला सारखेच सोपे, त्यातलं अंतर तोंडातून निघताना जाणवतच नाही, ते असं जाणवतं. ही काटेकोर अर्थाने ॲनालॉजी नाही, मापाची तुलना आहे, आणि म्हणूनच ती कुठे तुटत नाही. गणित बरोबर असलं की झालं.

बाकी बारीकसारीक नियम आहेतच. वाचणाऱ्याला न कळणारी गोष्ट त्याला त्याहून न कळणाऱ्या गोष्टीने समजवू नका, बुद्धिबळ न खेळणाऱ्याला घोड्याच्या चालीचं साम्य देऊन काय उपयोग. आणि गोष्ट मुळात साधी असेल तर साम्य नकोच, फॉर्म कसा भरायचा हे सांगताना नदी कशाला आणायची.

तर लेख मी पुन्हा लिहिला. पाण्याचा परिच्छेद ठेवला, त्याच्या शेवटी लिहिलं की पाणी आपल्याला दाब आणि अडथळा समजण्यापुरतं हवं होतं, वायर कापली की काय होतं ते पाण्याला विचारू नका, त्यासाठी सायकलकडे चला. मग चेन. नवीन प्रिंट भाचीला दिली. तिने चेनचा परिच्छेद दोनदा वाचला, पहिल्या वेळी मान हलवली, दुसऱ्या वेळी पेन्सिल उचलली, आणि यावेळी प्रश्नचिन्ह जरा मोठं होतं. "एका बॅटरीवर दोन दिवे वेगवेगळे जोडले तर चेन कुठे फुटते?"

फुटत नाही. चेनला फाटे काढता येत नाहीत, ती तिथे संपते. म्हणून तो परिच्छेद सध्या पुन्हा माझ्यासमोर आहे, त्यात आता एक भरलेला हॉल आहे आणि शेजारी शेजारी दोन दरवाजे, आणि खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे, हे कुठे तुटतं ते लिहायला.